कोर्टनाक्याची मोफत विधी सेवा: एका सुनेबरोबर गेले, त्याचा अनुभव

सेवा: महिलांना मोफत वकील आणि कायद्याचा सल्ला. ठिकाण: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, ठाणे न्यायालयाचं आवार, कोर्टनाका. वकिलाची फी: काही नाही. माझे तारे: पाचपैकी चार.

खारेगावात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. जिच्यासाठी मी कोर्टनाक्याला गेले ती माझ्या नात्यातली नाही, गिऱ्हाईक आहे. तिची सासूसुद्धा माझंच गिऱ्हाईक, आणि सुनेपेक्षा कितीतरी जुनं. नावं, बिल्डिंग, आडनाव काही लिहीत नाही. मुलीला विचारूनच लिहितेय. ती एवढंच म्हणाली, "काकू, कागद कोणते लागतात ते नीट लिहा, तिथेच माणूस अडतं."

मुलगी मुरबाडकडची, बी.कॉम. झालेली. २०२३ च्या मे महिन्यात लग्न होऊन कळव्याला आली. लग्नातले ब्लाऊज मीच शिवले होते आणि मापं माझ्या वहीत आहेत: छाती ३४, कंबर २९. गौरी-गणपतीच्या आधी सासूने तेच ब्लाऊज तिच्या हाती पाठवले, "आत घेऊन दे, नवे शिवायची गरज नाही." टेप लावली तर छाती ३२. संक्रांतीला पुन्हा आली तेव्हा ३१ पण भरेना. आमच्या धंद्यात आम्ही शिलाईत कापड सोडतो ते उसवायला, कारण लग्न झालेली पोरगी वर्षभरात अंगाने भरते. ही वाळत चालली होती. दंडाचं माप घेताना हात वर कर म्हटलं तर हात थरथरत होता. मी शटर अर्धं ओढलं, तिला स्टुलावर बसवलं आणि चहा मागवला. चहाबरोबर आलेला पाव तिने ज्या घाईने खाल्ला ते बघून मला सगळं विचारावंसं वाटलं.

त्या घरात सगळ्यांना गरम भाकरी लागते, आणि ती ताटात पडताना गरम लागते. सासरे आधी, मग दीर, मग नवरा शिफ्टवरून येईल तेव्हा, मग सासू. म्हणजे दुपारी बारापासून साडेतीनपर्यंत तवा उतरतच नाही. शेवटी ती बसते तेव्हा पीठ संपलेलं असतं, कारण पीठ सासू वाटीने मोजून काढून देते आणि डब्याला कुलूप लावते. दुधाच्या पातेल्यावर पेनाने खूण असते. पहाटे पाणी येतं तेव्हा पिंपं तिनेच भरायची आणि कपडे हाताने धुवायचे. घरात वॉशिंग मशीन आहे, पण लाईट बिल येतं म्हणून त्यावर भरतकामाचा रुमाल टाकून ठेवलाय. तो रुमाल मीच शिवून दिलेला आहे. मोबाईल शोकेसवर. माहेरचा फोन आला की स्पीकर लावून सासूसमोर बोलायचं. अंगावरचं सोनं पूजेच्या दुसऱ्या दिवशी "सांभाळायला" म्हणून सासूच्या कपाटात गेलं, ठुशी आणि दोन बांगड्या. बापाने भात विकून केलेलं ते सोनं.

त्यात २०२३ चा श्रावण अधिक होता. लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना. मुरबाडहून तिचे आई-वडील अनारसे आणि जावयाला कपडे घेऊन आले. सासूने ताट बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "चांदीचं निरांजनसुद्धा नाही?" तेव्हापासून रोज सकाळी देवपूजेला बसताना तेच: "आमच्या देवापुढे अजून पितळेचंच." हे ऐकून घ्यायचं आणि भांडी घासायची. नवरा रबाळ्याला कंपनीत आहे. हात उगारत नाही, दारू पीत नाही. पण तोंडही उघडत नाही. मला त्याचाच जास्त राग येतो. सासू काय बोलते हे त्याला भिंतीपलीकडून ऐकू येतं, आणि तो कूस बदलतो.

मारलेलं नाही, म्हणजे छळ नाही, असं ती स्वतःच मला सांगत होती. "काकू, अजून हात नाही लावला कोणी." त्यासाठीच हा एवढा लांब अनुभव लिहितेय.

आधी तिचे वडील तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेले होते. कुठल्या, ते लिहीत नाही. तिथे सांगितलं, घरातलं भांडण आहे, घरात मिटवा. मग कोणीतरी एक वकील सुचवला, त्याने कागद बघायच्या आधी पंचवीस हजार मागितले. बाप गप्प परत गेला. पुढे माझ्याकडे येणाऱ्या एका आशा ताईने सांगितलं की कोर्टनाक्याला सरकारी मोफत वकील मिळतो आणि बाईमाणसाला उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. मला खरं वाटेना, कारण फुकट म्हटलं की आपल्याला वाटतं ते पिवळ्या रेशनकार्डवाल्यांसाठी. पण खरंच तसं आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, त्याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया आणि मुलं वेगळी सांगितली आहेत. बाई कमावती असो, नवरा पगारदार असो, बापाची जमीन असो, तिला मोफत वकील मागता येतो. ही ओळ तिथल्या ताईंनी मला छापील पुस्तिकेत बोट ठेवून दाखवली.

कळव्याहून जाणं सोपं आहे. कळवा पुलावरून रिक्षा थेट कोर्टनाक्याला जाते. स्टेशनवरून आलात तर जांभळी नाक्याच्या बाजारातून चालत या. सासूला सांगितलं होतं की फिटिंगला दुकानात बसवून ठेवतेय. सकाळी जा. फाटकावर सुरक्षा असते, पिशवी तपासतात. माझ्या पर्समधली कात्री काढून ठेवायला लागली, शिवणकाम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवा. आत कोणालाही "विधी सेवा" म्हणून विचारलं की दाखवतात. काळे कोट घातलेले काहीजण बाहेरच "ताई, काय काम?" म्हणून पुढे येतात, त्यांच्याशी बोलत बसू नका, सरळ आत जा.

आत एका ताईंनी साधा अर्ज भरायला दिला. नाव, पत्ता, तक्रार काय, कोणाविरुद्ध. मुलगी पत्ता लिहिताना थांबली. सासरचा लिहू की माहेरचा? ताईंनी विचारलं, "राहतेस कुठे?" ती म्हणाली, सासरी. "मग तोच तुझा पत्ता." ती मान खाली घालून लिहीत होती आणि ताईंनी तिला घाई केली नाही. मी आयुष्यभर बायकांची मापं घेतली आहेत. कोणाच्या हाताखाली बाई अंग चोरते आणि कोणाच्या हाताखाली सैल उभी राहते ते मला कळतं. पंधरा-वीस मिनिटांत तिचे खांदे खाली आले.

त्यांच्या यादीवरच्या एक वकीलबाई आम्हाला दिल्या. वय माझ्या मुलीएवढं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला फार आवडला: "तुला काय हवंय?" पोरीला हा प्रश्न लग्न झाल्यापासून कोणी विचारला नव्हता. तिला बोलता येईना. मग हळूहळू म्हणाली: फोन हवाय, सोनं हवंय, नोकरी करायचीय, आणि घरातून हाकलू नये. घटस्फोट नको. नवऱ्याला तुरुंग नको.

त्यावर बाईंनी जे समजावलं ते मी जसं समजले तसं लिहिते. दोन वाटा आहेत. एक फौजदारी. पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम ४९८अ, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी क्रूरपणे वागवलं तर त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्याची तक्रार पोलिसात होते. दुसरी वाट कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याची. तो २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्यात आधी संरक्षण मागायचं असतं, शिक्षा नव्हे. आणि त्या कायद्यात हिंसा म्हणजे फक्त मारहाण नाही. टोचून बोलणं, हुंड्यावरून अपमान करणं हीसुद्धा हिंसा. तिचं सोनं, तिचा पैसा काढून घेणं, घरातल्या गरजेच्या वस्तू मिळू न देणं ही आर्थिक हिंसा. "पिठाच्या डब्याला कुलूप," असं पोरीने सांगितलं तेव्हा बाईंनी पेन थांबवलं नाही, तसंच लिहून घेतलं: पिठाच्या डब्याला कुलूप.

मी विचारलं, घर तर सासूच्या नावावर आहे, ती उद्या बाहेर काढेल. कळव्यात अर्ध्या सुनांना हीच धमकी असते. बाई म्हणाल्या, याच कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ज्या घरात ती सून म्हणून नांदते तिथे राहायचा तिला हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो. आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० च्या निकालात स्पष्ट केलंय की असं घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते तिचं राहतं घर ठरू शकतं. मालकी तिची होत नाही, विकायचा हक्क मिळत नाही, पण कोर्टात गेल्याशिवाय तिला रस्त्यावर काढता येत नाही. सासूवर, नणंदेवर असा अर्ज होतो का, हा माझा दुसरा प्रश्न. होतो. या कायद्यात पूर्वी "प्रौढ पुरुष" असा शब्द होता, तो २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकला.

मग पुरावे. आम्हाला वाटलं होतं आमच्याकडे काहीच नाही. बाईंनी विचारत विचारत काढलं. लग्नाचा अल्बम आणा, त्यात अंगावर ठुशी दिसते. मुरबाडच्या सराफाची पावती वडिलांकडे असेल ती आणा. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात तिला चक्कर आली तेव्हा रक्त तपासलं होतं, हिमोग्लोबिन आठ, तो कागद आणा. बाईमाणसाचं बाराच्या वर पाहिजे. आणि मग माझ्याकडे वळल्या, "काकू, मापाची वही तारखेनिशी आहे का?" आहे. माझ्या वहीत प्रत्येक मापाखाली तारीख असते, कारण गिऱ्हाईक भांडतात. त्या पानांची झेरॉक्स लागली आणि माझं शपथपत्र. माझी मोडकी अक्षरं कोर्टाच्या फायलीत लागतील असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी परत येताना आम्ही मामलेदारची मिसळ खाल्ली. प्लेट तिच्यापुढे आधी ठेवली आणि मी तिला थांबू दिलं नाही. ती वाट बघत होती की मी आधी घेईन.

अर्ज दाखल करायच्या आधी दोन्ही बाजूंना बोलावून समुपदेशन करायचं का, असं विचारतात. सक्ती नाही. आमच्या मुलीने हो म्हटलं. सासू आली, नऊवारी नेसून, ब्लाऊज माझ्याच हातचा. मला बघून म्हणाली, "तुला काय पडलंय गं, तू तुझी मापं घे." मी काही बोलले नाही. आत ती जे बोलली ते सगळ्या सासवा बोलतात: आम्ही पण सोसलं, आम्हाला कोणी विचारलं? समोरच्या बाईंनी शांतपणे उत्तर दिलं, "तुम्हाला कोणी विचारायला हवं होतं, हे खरं आहे. पण आता पीठ कोण मोजतंय?" सासू गप्प झाली, सुधारली मात्र नाही. नवऱ्याला वेगळं बसवून बोलले. तो रडला म्हणे. रडून काय करायचं? तोंड उघड म्हणावं. समुपदेशनाने फोन परत मिळाला, एवढंच झालं. आठवड्यात पुन्हा शोकेसवर.

मग अर्ज गेला. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम १२ खाली अर्ज, आणि त्याच्याबरोबर कलम २३ खाली अंतरिम आदेशाची मागणी. हे दुसरं मागायला विसरू नका. पूर्ण निकाल लागेपर्यंत तात्पुरतं संरक्षण यातून मिळतं. आम्हाला अंतरिम आदेश मिळाला: छळ करायचा नाही, घराबाहेर काढायचं नाही, फोन आणि शिक्षणाचे कागद तिच्या ताब्यात द्यायचे, नवऱ्याने महिन्याला सहा हजार तिला द्यायचे. आदेशाची प्रत मोफत मिळते, तीही कायद्यात लिहिलेली आहे. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड. ही गोष्ट वकीलबाईंनी नवऱ्याला मराठीत मोठ्याने वाचून दाखवली. महिन्याभरात त्याने विटाव्याला भाड्याने खोली घेतली. आईविरुद्ध पहिल्यांदा काही केलं असेल तर ते हेच.

आता ती नौपाड्यात एका अकाउंटंटकडे कामाला जाते. दोन्ही बांगड्या परत मिळाल्या. ठुशी अजून नाही. सासू म्हणते ती तिचीच, घरातली. अल्बममधला फोटो आहे, पावती आहे, तरी तारखा पडतायत.

एक तारा मी कापला तो या तारखांसाठी. कायद्यात लिहिलंय, अर्ज आल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली सुनावणी आणि त्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा. कागदावर वाचून बाईला आशा लागते आणि प्रत्यक्षात देशभरातल्या कोर्टांत असे अर्ज महिनोनमहिने पडून राहतात. जी त्याच घरात राहून लढते, जिला प्रत्येक तारखेच्या रात्री त्याच सासूसमोर ताट वाढायचं असतं, तिच्यासाठी एकेक महिना फार मोठा आहे. तीन दिवस लिहिलेत तर तीन दिवसच पाळायला हवेत. याबद्दल मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

बाकी सेवेला मी पूर्ण गुण देते. वकीलबाईंनी एकदाही फोन कापला नाही. अर्जाचा मसुदा वाचून दाखवा म्हटलं तर ओळ न् ओळ समजावून मराठीत सांगितला. आपल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, त्यामुळे "इंग्रजीत आहे, सही कर" असं कोणी म्हटलं तर सही करू नका, समजावून मागा. या योजनेतल्या वकिलाला तुम्ही फी द्यायची नसते. कोणी "थोडं वरचं" मागितलं तर त्याच कार्यालयात सचिवांना भेटून सांगा. ते सचिव स्वतः न्यायाधीश असतात. आमच्याकडे कोणी मागितलं नाही. आमचा खर्च झाला तो झेरॉक्स, फोटो आणि रिक्षाचा.

कागद, तिने सांगितलं म्हणून: आधार कार्ड, लग्नपत्रिका किंवा लग्नाचा दाखला, लग्नातले दागिने दिसतील असे फोटो, सोन्याच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, नवऱ्याच्या कंपनीचं नाव आणि पगाराची काही माहिती असेल तर ती, आणि काय कधी झालं याच्या तारखा. तारखा आठवत नसतील तर सणावरून सांगा, गौरी आल्या तेव्हा, अधिक महिन्यात, तेही लिहून घेतात. मूळ कागद सासरी अडकले असतील तरी जा, थांबू नका, ते परत मिळवायची मागणीसुद्धा अर्जात करता येते. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स माहेरी किंवा विश्वासाच्या शेजारणीकडे ठेवा. पर्समध्ये ठेवू नका, पर्स तपासली जाते.

जाणं शक्य नसेल तर फोन: विधी सेवेचा १५१००, महिलांसाठी १८१, आणि जिवावर बेतलं असेल तर सरळ ११२. फोन तुमच्या हातात नसेल तर दूधवाला, दुकानदार, शिंपीण, कोणाच्याही फोनवरून लावा.

सासूचे ब्लाऊज आता दुसऱ्या दुकानात जातात, आणि तिच्या ओळखीच्या तीन-चार घरांचेही. चालेल. कळवा, खारेगाव, विटाव्याच्या कोणाला एकटीने कोर्टनाक्याला जायची भीती वाटत असेल तर मंगळवारी माझं दुकान बंद असतं, मी बरोबर येते.